सांगता येत नाही

विद्यापीठातून प्रश्नावली आली आहे.
सर म्हणाले, भरून टाका, दोन मिनिटांचं काम.
मी बोडीच्या पाळीवर चढले,
मोहाच्या झाडापासून सात पावलं, पाण्याकडे तोंड करून.
आमच्या गावात रेंज तेवढ्या जागेलाच येते.

प्रश्न पहिला:
आपण आपले ज्ञान इतर विद्यार्थ्यांना का देता?

ज्ञान!
माझ्याकडे वहीचे फोटो आहेत,
कोपऱ्यात अंगठा आलेले,
एकावर तर वरणाचा डाग.

पहिल्या वर्षी मी काहीच पाठवत नव्हते.
पोरी विचारायच्या, मी लिहायची,
‘अजून झालं नाही गं.’
झालेलं असायचं.
वही उशीखाली असायची, आणि मी जागी.

मग परीक्षेच्या आदल्या रात्री
कार्बोकॅटायनपाशी अडले.
प्रश्न लिहिला, पुसला,
पुन्हा लिहिला.
बासष्ट जणांना कळणार होतं
की पहिल्या नंबरच्या पोरीला हे येत नाही.
साडेअकराला डोळे मिटून पाठवला.

उत्तर आलं कोरचीकडच्या एकाचं.
खुशाल हलामी. कधी पाहिलेला नाही.
चार मिनिटांचा आवाज,
मागे मोटरपंपाची घरघर,
त्याची आई म्हणत होती, ‘झोप ना रे बाप्पा आता.’

‘हे पाय,’ तो म्हणाला,
‘मधातल्या बांधीत पऱ्हे कमी पडले समज.
एकाच बाजूले शेजारी असन
तर तो देऊन देऊन किती देईन?
तिन्ही बाजूले असले
तर थोडे थोडे सरकवतेत,
रोवणा थांबत नाही.
मधातला कार्बन तसाच.
ज्याच्या भवताल जास्त, तो जास्त टिकते.’
मग जरा थांबून,
‘नाही, मंघा उदाहरण देल्लं ते चुकलं,
दुसरं सांगतो.’

खरं सांगू,
मला कार्बनपेक्षा ते ‘चुकलं’ लक्षात राहिलं.
इतक्या लोकांदेखत चुकला
आणि पळाला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर देऊन आले,
उशीखालची वही काढली
आणि पहिला फोटो टाकला.

आता ही प्रश्नावली विचारते,
गुण मिळावेत म्हणून?
नाव व्हावं म्हणून?
परतफेड म्हणून?
परतफेडीवर बोट ठेवलं आणि अडखळले.
खुशालने आजवर मला काही विचारलेलंच नाही.
त्याचं मी फेडलं ते दुर्गेश्वरीकडे,
जिने मांडीवर वीस दिवसांचं लेकरू घेऊन लिहिलं होतं,
‘युनिट तीन कोणाजवळ आहे का, पेपर देऊन पायतो.’
सतरा पानं पाठवली.
तिचे आभार आले नाहीत.
रात्री दोनला एवढंच आलं:
‘घुसलं डोक्यात.’
मी अंथरुणात एकटीच हसले,
बहीण म्हणाली, काय झालं वो, येडी झाली का?

त्याच्यासाठी प्रश्नावलीत रकाना नाही.

सहमत, असहमत,
सांगता येत नाही.
मी सगळीकडे शेवटचंच निवडत गेले.
खाली लाल अक्षरं आली,
‘कृपया कारण नमूद करा.’

धान कापून झालंय, बांध्या उघड्या पडल्यात.
डास चावतात.
बॅटरी नऊ टक्के.
कारण लिहायला घेतलं
तेवढ्यात वर एक नवा नंबर उगवला,
यंदाच्या वर्षाचा कोणी असावा:
‘ताई, विचारू का? सोपाच आहे, पण मले नाही येत.’

प्रश्नावली तशीच राहिली.
मी माईकवर बोट दाबलं.
मागे टिटवी ओरडत होती.
ओरडू दिली.